चौदा नंबर

अण्णांच्या लेखी रिसोडात माणसं राहत नव्हती, नंबर राहत होते. "सात नंबराले ताप हाये," "बावीसच्या पोरीचं जमलं," अशा बातम्या ते मला सकाळी सकाळी सांगत आणि मी मान डोलवत असे. डोलवणं भागच होतं. ते आमच्या टेलिफोन एक्स्चेंजचे जुने ऑपरेटर आणि मी नवा.

सत्तरनंतरच्या त्या वर्षांत एक्स्चेंज म्हणजे एक खोली आणि पन्नास भोकांचा बोर्ड. एक भोक म्हणजे एका घरचा फोन. ज्याला फोन लावायचा त्याच्या भोकात आम्ही दोरीचं टोक खुपसायचं, बस्स.

नव्या फोनला नंबर द्यायचं काम अण्णांचं. दुसरा कुणी पुढचा रिकामा नंबर देऊन मोकळा झाला असता. अण्णा मात्र सोयरीक जमवायला बसल्यासारखे बसत. "हात चुकते, बाबू. चुकला त शेजारच्या भोकात जाते. मंग शेजारी कसा पायजे? चुकून फोन लागला तरी 'या, च्या घ्या' म्हननारा!"

म्हणून डॉक्टरांशेजारी औषधवाले होते. एकमेकांचं तोंड न पाहणाऱ्या दोन अडत्यांच्या मधे त्यांनी हेडमास्तर बसवले होते. तेरा नंबर कुणी घेईना, तो अण्णांनी स्वतःच्या घरी लावून घेतला.

आणि चौदा रिकामा होता. बोर्डावरचं तेवढं एकच भोक. त्यासाठी शांतिलालशेठ कापडवाले चार महिने खेटे घालत होते. त्यांची लेक अकोल्याला, पहिलटकरीण, आणि डॉक्टरांनी प्रवास नको म्हणून तिला माहेरी येऊ दिलं नव्हतं.

"अण्णा, पोरीले काही झालं त मले समजन कसं?"

"चौदा खराब हाये, शेठ," अण्णा वर न पाहता म्हणत.

एकदा अण्णा जेवायला गेले तेव्हा मी चौदा तपासला. ठणठणीत! मला रागच आला. ते परतताच विचारलं, "अण्णा, शेठले खोटं काहून सांगता?"

अण्णांनी खणातून एक अर्ज काढून माझ्यापुढे ठेवला. फोनसाठीचा अर्ज, अण्णांच्याच अक्षरातला. नाव वसंता, पत्ता पिठाची गिरणी, नंबर चौदा. सहीची जागा कोरी. वसंता त्यांचा धाकटा भाऊ. विहिरीच्या वाटणीवरून दोघांचं नऊ वर्षं बोलणं बंद होतं, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. कागद घडीवर फाटायला आला होता.

"गिरनी चांगली चालून राह्यली त्याची. आज ना उद्या फोन घेईनच तो," अण्णा म्हणाले. "चौदा त्याचा, तेरा माहा. तुहा नाई त माहा, कोनाचा तरी हात चुकला असता एखाद्या दिवशी."

माझा राग कुठल्या कुठे गेला. फार वाईट वाटलं.

थोड्या वेळानं त्यांनीच विचारलं, "शेठच्या पोरीले कितवा महिना?"

"नववा लागला."

अण्णांनी अर्ज खिशात घातला. दुसऱ्या दिवशी लाइनमन शेठच्या दुकानावर तार ओढत होता.

पुढच्याच पंधरवड्यात, भर दुपारी, अकोल्याचा कॉल आला. अण्णांनी चौदात दोरी खुपसली. हात जराही चुकला नाही.

"शांतिलालले नात झाली," ते म्हणाले. त्यांच्या तोंडून कुणाचं नाव मी पहिल्यांदाच ऐकत होतो.

मग कानावरचा हेडफोन त्यांनी माझ्या हातात दिला आणि खुंटीवरची टोपी घेतली.

"कुठं निघाले, अण्णा?"

"गिरनीवर. नंबर त गेला. आता पायीच जा लागते."

दाराशी ते थबकले. "बाबू, टोपी बरी दिसते ना?"

टोपी पार वाकडी होती. मी उठून ती सरळ केली.