शून्य म्हणजे पाव

मामांचं म्हणणं असं, की ज्याची चूक आपल्याला ठाऊक आहे ते यंत्र बरोबर चालणाऱ्या यंत्रापेक्षा जास्त भरवशाचं. मामा पेशाने घड्याळजी. त्यामुळे यंत्रांबद्दल त्यांच्याशी वाद घालायला घरात कुणी धजत नसे, आणि कुणी धजलंच तर ते फाटकाबाहेर उभ्या असलेल्या आपल्या तांबड्या स्पोर्ट्स कारकडे बोट दाखवत.

गाडी दोनच माणसांची. टप मागे दुमडता येणारा. जमिनीला इतकी लगटून चालायची, की तीत बसणं म्हणजे टबात उतरणं आणि बाहेर पडणं म्हणजे व्यायाम. एका दंतवैद्याकडून त्यांनी ती जुनी घेतली होती. तब्येत ठणठणीत, फक्त पेट्रोलचा काटा स्वभावाने निराश. टाकी काठोकाठ भरली तरी तो पाऊणच्या वर म्हणून चढत नसे. मामांनी अभ्यास करून त्याचा हिशेब बसवला होता. पाऊण म्हणजे भरलेली, अर्धी म्हणजे पाऊण, पाव म्हणजे अर्धी आणि शून्य म्हणजे पाव.

"चुकतो, पण किती नेमाने चुकतो बघा," ते कौतुकाने म्हणत. एखाद्या मुलाच्या बोबड्या बोलांचं करावं तसं.

अशात भाचीचं लग्न ठरलं. नवरा मुलगा जहाजावर इंजिनीअर. शनिवारी संध्याकाळी त्याचं जहाज सुटणार, ते वर्षभराने परत येणार. त्यामुळे शनिवारीच नोंदणी कचेरीत सह्या करून मोकळं व्हायचं होतं, आणि शनिवारी कचेरी दुपारी बारालाच बंद होई. साक्षीदार मामा आणि मामी.

"नवरी माझ्या गाडीतून येणार," मामांनी जाहीर केलं. "वाऱ्यासारखी."

"तुम्ही दोघं या वाऱ्यावर," मामी म्हणाली. "मी बसने येते."

शनिवारी मामा-भाची निघाली ती गाणी म्हणतच. रस्त्यात पेट्रोल पंप आला तशी भाची म्हणाली, "मामा, काटा शून्याला टेकलाय."

"शून्य म्हणजे पाव."

"तरी भरून घेऊ या का?"

"अगं, पाव टाकीत जाऊन येऊ आणि वर तुझ्या नवऱ्याला फिरवूनही आणू."

पंप मागे पडला. मग टेकडीचा चढ लागला. चढ संपायला दोन हात उरले असतील नसतील, तोच गाडीने एक उचकी दिली, दुसरी दिली आणि ती गप्प झाली.

"पेट्रोल संपलं," भाची म्हणाली.

"ते सोडून बोल. पाव टाकी पेट्रोल आहे. हा प्लगचा दोष."

मामांनी बॉनेट उघडलं. प्लग काढले, पुसले, फुंकले, परत बसवले. मग त्यांचा संशय बॅटरीवर गेला, बॅटरीवरून तारांवर आणि तारांवरून त्या दंतवैद्याच्या चारित्र्यावर. भाची रस्त्याच्या कडेच्या दगडावर, लग्नाच्या कपड्यांत, हातातल्या फुलांनी वारा घेत बसली. तिला आधी हसू येत होतं. मग तिने घड्याळ पाहिलं आणि हसू थांबलं.

"मामा, तो वर्षभर येणार नाही हो."

मामांच्या हातातला पाना घसरला.

तेवढ्यात बस गेली. खिडकीत मामीचा चेहरा दिसला, त्या चेहऱ्याचे डोळे विस्फारले आणि बस पुढे निघून गेली. थोड्या वेळाने मामी पुढच्या थांब्यावरून धापा टाकत उलट चालत आली.

"काय झालं?"

"काही नाही. काटा शून्यावर आहे, म्हणजे पाव टाकी आहे, पण इंजिन ऐकत नाही."

मामी पदराचं टोक बोटाला गुंडाळू लागली. मामीने पदर गुंडाळायला घेतला की मामांना धडकी भरे.

"अहो," ती हळूच म्हणाली, "परवा तुम्ही दुकानात होतात ना, तेव्हा गॅरेजवाल्याला बोलावून मी तो काटा नीट करून घेतला. म्हटलं, लग्नात तुम्हाला चकित करू."

मामांनी काट्याच्या काचेवर टिचकी मारली.

"झालो चकित," ते म्हणाले.

दुसरी बस दिसत नव्हती. कचेरी मात्र दिसत होती. टेकडीच्या पलीकडे, उताराच्या थेट पायथ्याशी. भाचीनेच आधी मामांकडे पाहिलं आणि मग उताराकडे. तिने फुलं दातांत धरली, बाह्या सरसावल्या, मामांच्या हातांनी ग्रिसने माखलेलं बॉनेट आपटून बंद केलं आणि तिघांनी मिळून गाडी ढकलत माथ्यावर आणली. मामा स्टिअरिंगवर बसले, भाची शेजारी, आणि मामी मागे दुमडलेल्या टपावर, मिरवणुकीतल्यासारखी.

गाडी सुटली. इंजिनाचा आवाज नाही, धूर नाही. आवाज होता तो फक्त हॉर्नचा आणि मामीच्या "अहो, ब्रेक"चा. भाजीवाले बाजूला झाले, एक कुत्रा शर्यतीत उतरला आणि हरला. भाची पोट धरून हसत होती. मामा आयुष्यात एवढ्या वेगाने कधीच गेले नव्हते.

पायथ्याशी वेग मंदावत गाडी कचेरीच्या फाटकात शिरली आणि बरोबर फाटकातच थांबली. समोर नोंदणी साहेबांची मोटार बाहेर पडायला निघाली होती. पायरीवर नवरा मुलगा दोन्ही हात डोक्याला लावून उभा होता.

"गाडी काढा," साहेब म्हणाले. "कचेरी बंद झाली."

"निघत नाही," मामा म्हणाले. "पेट्रोल नाही."

"मग मी घरी कसा जाऊ?"

"पेट्रोल येईपर्यंत कुणीच कुठे जात नाही साहेब," मामी टपावरून उतरत म्हणाली. "तोवर बसून काय करणार? या दोघांचं लग्न तरी लावा."

साहेबांनी फाटकाकडे पाहिलं, नवरीच्या काळ्याकुट्ट हातांकडे पाहिलं आणि खिशातून किल्ली काढली. भाचीच्या सहीशेजारी ग्रिसचा अंगठाही उमटला. सह्या झाल्यावर साहेबांनी स्वतः कोट काढून गाडीला धक्का दिला आणि नवरानवरीला आपल्याच मोटारीने बंदरावर पोचवलं.

सोमवारी मामा गॅरेजात गेले. "काटा पूर्वीसारखा करून दे," ते म्हणाले. "मला सवय आहे."

गॅरेजवाल्याने मान हलवली.

"नुसता बिघडवून दे म्हणाल तर आत्ता देतो, मामा. पण तुमच्यासारखा नेमाने चुकणारा हवा, तर तो आमच्याकडे होत नाही."