पहिला चमचा

या, असे पुढे सरका. भिंतीला टेकलेल्यांनीही या. टेकलं की डोळा लागतो आणि गोष्ट अर्धी कानात, अर्धी स्वप्नात जाते. आजची गोष्ट एका शिंप्याची आहे. तो तीन महिने मन लावून शिकला आणि ऐन वेळी त्याने नेमकं तेच केलं, जे करायचं नव्हतं.

त्याला सगळे मास्तर म्हणत. चाळीस वर्षं पायमशीन चालवून माणूस नाकासमोर चालणारा झाला होता. फक्त गुडघे तेवढे त्याच्याबरोबर चालायला कुरकुरत. एकुलती एक मुलगी कोरियात नोकरीला. एक दिवस तिचा फोन आला.

"बाबा, मला एक मुलगा आवडलाय."

"कुठला?"

"इथलाच."

"इथलाच म्हणजे इकडचा?"

"नाही, तिथला. म्हणजे माझ्या इथला. आणि बाबा, त्यांच्या घरात आजी म्हणतील ते होतं. चौऱ्याऐंशी वर्षांच्या आहेत. तीन महिन्यांनी आपलं घर बघायला येतायत. त्यांना पटलं तरच लग्न."

मास्तरांनी गळ्यातली टेप काढून हातात घेतली. एवढ्या लांबच्या माणसाचं माप कसं घ्यायचं, हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. पण दुसऱ्याच दिवशी त्यांनी वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये नाव घातलं. मंगळवारी आणि शुक्रवारी, पाच ते साडेसहा, कोरियन भाषा आणि रीतभात.

वर्गात कॉलेजच्या नऊ मुली, एक नर्स आणि मास्तर. पहिला पाऊण तास भाषा, मग रीत. रीत शिकवताना बाई सतरंजी अंथरून रिकाम्या वाट्या मांडत आणि विचारत, "आजोबा कोण होणार?" मग दहाजणी मास्तरांकडे बघत.

आजोबांचं काम सोपं होतं. मधोमध बसायचं. सगळ्यांनी जमिनीवर कपाळ टेकवून वंदन केलं की मान हलवायची. मग पहिला चमचा उचलायचा आणि म्हणायचं, "मानी मॉगॉ." म्हणजे, पोटभर खा रे पोरांनो. तो चमचा उचलला जाईपर्यंत कुणी वाटीला हात लावायचा नाही. एकदा मास्तरांच्या डोक्यात कुणाच्या तरी ब्लाउजची बाही घोळत राहिली, तर दहाजणी चार मिनिटं रिकाम्या वाट्यांसमोर तशाच बसून होत्या. घरी मास्तर जेवायला येईपर्यंत बायकोचं जेवून भांडी घासून व्हायची. त्यामुळे मंगळवार आणि शुक्रवार त्यांना फार आवडू लागले.

पाहुणे यायला आठवडा उरला तेव्हा त्यांना बसल्या जागी सुई टोचावी तसं काहीतरी लक्षात आलं.

"बाई, आमच्याकडे येणाऱ्या आजी चौऱ्याऐंशीच्या. मी सहासष्ट. म्हणजे पहिला चमचा..."

"त्यांचा."

"आणि कपाळ टेकवायचं..."

"तुम्ही, काका."

"पण मी ते एकदाही केलेलं नाही."

बाईंनी हजेरीपट उघडून बघितला, जणू त्यात तशी नोंद असणार होती. मग म्हणाल्या, "आज शिकवते. सोपं आहे."

आणि खरंच सोपं होतं. हात पुढे, गुडघे खाली, कपाळ हातांवर. मास्तर इतके छान वाकले की मुलींनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या थांबल्या तरी मास्तर खालीच होते. शेवटी नर्सने एका बाजूने आणि बाईंनी दुसऱ्या बाजूने धरून त्यांना उचललं.

"वाकणं झालं," बाई घड्याळाकडे बघत म्हणाल्या. "उठणं पुढच्या तासाला घेऊ."

पुढच्या तासाला हॉलला रंग लागत होता. वर्ग बंद.

पाहुणे आले, मुलगीच त्यांना घेऊन आली. आजी एवढ्याशा, ताठ आणि गंभीर. नातू त्यांच्या एक पाऊल मागे. टेबलाच्या टोकाला हातांची एकच खुर्ची होती. तिच्यासाठी मास्तरांनी रात्रंदिवस खपून उशी शिवली होती, चारी बाजूंनी गोट लावून. आजी तिथे बसणार, पहिला चमचा उचलणार. बायकोला आणि मुलीला सगळं तोंडपाठ होतं.

मास्तरांनी देवाचं नाव घेतलं, हात पुढे केले आणि वाकले. कपाळ टेकलं. आजींच्या चेहऱ्यावरची एक सुरकुती सैल झाली. मुलीने हळूच श्वास सोडला.

"बाबा, झालं. उठा आता."

"उठणं झालेलं नाही," मास्तर फरशीला म्हणाले.

"काय झालेलं नाही?"

"शिकून."

मग धावपळ. एका बाजूने बायको, दुसऱ्या बाजूने होणारा जावई. गुडघा असा अडकलेला की साध्या खुर्चीवरून माणूस घसरला असता. हात टेकायला हातांचीच खुर्ची हवी. मास्तर गोट लावलेल्या उशीवर जाऊन बसले ते बसलेच. आजींना बाजूची खुर्ची मिळाली. नातू पांढरा पडला.

वाढून झालं. भात, सूप, भाजी. वाफा निघत होत्या. सगळे आजींकडे बघत होते आणि आजी मास्तरांकडे.

बायको दुखण्याची गोळी घेऊन आली. "घ्या ही. आणि रिकाम्या पोटी नको, आधी दोन घास खा." असं म्हणून तिने चमचा त्यांच्या हातात कोंबला.

"आई, नको!" मुलगी म्हणाली.

"नको काय? पोटात आग पडेल त्यांच्या."

एव्हाना चमचा वर गेला होता. टेबलाच्या टोकाची जागा, वर उचललेला चमचा, आणि समोर वाट्यांना हात न लावता बसलेली माणसं. तीन महिन्यांचे मंगळवार-शुक्रवार मास्तरांच्या अंगात उभे राहिले. त्यांनी आजींकडे पाहून मान हलवली आणि स्वच्छ, प्रेमळ आवाजात म्हणाले, "मानी मॉगॉ."

चौऱ्याऐंशी वर्षांच्या बाईला. खा गं बाळ, पोटभर खा.

मुलीने डोळे मिटून घेतले. आजींनी काहीतरी विचारलं, अगदी हळू.

"त्या... त्या तुमचं वय विचारतायत," मुलगी म्हणाली.

"सहासष्ट," मास्तर म्हणाले. चमचा अजून हवेत होता. खाली ठेवावा की तोंडात घालावा, हे कुठल्याच तासाला झालं नव्हतं.

आजी बराच वेळ बोलल्या. मुलगी ऐकत राहिली, मग सांगू लागली. "त्या म्हणतात, त्यांचे थोरले भाऊ असं म्हणायचे. त्यांना जाऊन बावीस वर्षं झाली. तेव्हापासून पहिला चमचा यांचाच. भूक असो नसो, उचलावाच लागतो. सगळे यांच्या तोंडाकडे बघत बसतात. पण 'तू खा' असं बावीस वर्षांत कुणी म्हणालं नाही."

आजींनी चमचा उचलला. सूप संपवलं. मग लहान मुलीसारखी वाटी दोन्ही हातांनी पुढे केली. आणखी हवं होतं.

लग्न ठरलं. आजींची एकच अट होती आणि ती नातवाने लिहून आणली होती: दोन्ही घरं एकत्र जेवायला बसतील तेव्हा टोकाची खुर्ची मास्तरांची.

पुढच्या मंगळवारी बाईंनी विचारलं, "काका, कसं झालं वंदन? आज उठणं घेऊ या?"

"नको," मास्तर सतरंजीच्या मधोमध बसत म्हणाले. "तेवढं राहू द्या."

तर मंडळी, आता घरी जाल, पानावर बसाल. तुमच्याही घरात एखादं थोरलं माणूस असेल, सगळ्यांचं वाढून झालं का ते बघणारं. पहिला घास घेण्याआधी त्याची आठवण ठेवा आणि एकदा तरी म्हणा, "तू खा, पोटभर खा." कुठल्याही भाषेत म्हणा. पोचतं.