खिडकीला नोटीस

सकाळी सकाळी बाईंच्या खिडकीत एक बूट आला. बुटात पाय होता, आणि पायाचा मालक वरून विचारत होता की कर भरायचं ऑफिस कुठंय.

बाईंनी इथं घर बांधलं तेव्हा शेजार होता तो काटेरी झुडपांचा. गावची पहिली शाळाही त्यांनीच, याच खोलीत भरवली. मग शहर आलं, मागोमाग रस्ता आला, आणि दर निवडणुकीआधी त्यावर डांबराचा नवा थर आला. जुना थर उकरायचा नाही, हा नगरपालिकेचा बाणा. चढत चढत रस्ता खिडकीच्या चौकटीला टेकला. शेजाऱ्यांनी मुकाट्यानं घरं उंच करून घेतली. बाई म्हणाल्या, मी आधी आलेय; मी हलणार नाही.

बूटवाल्याला त्यांनी पत्ता सांगितला. ते ऐकून दुसरा वाकला, तिसऱ्यानं मध्येच तोंड घातलं. जन्मभर वर्ग सांभाळलेल्या बाईंना गलका सोसवेना. त्यांनी सगळ्यांना रांगेत उभं केलं, आणि तिथंच घोड्यानं पेंड खाल्ली. रांग दिसली की माणूस आधी उभा राहतो, कशाची ते मागाहून विचारतो. आठवड्यात रांग चौकापर्यंत गेली, गाड्या तुंबल्या, आणि नगरपालिकेचे इंजिनियरसाहेब नोटीस घेऊन हजर झाले. खिडकी रहदारीला अडथळा आहे, ती विटांनी बुजवावी. आता घरात उजेड यायचा तो त्या एकाच खिडकीतून.

साहेब पुढे घुसू लागले, तेव्हा लोकांनी त्यांना शेपटाला पाठवलं. तासाभरानं नंबर लागला. साहेब उकिडवे बसले.

"बाई, इथं सही करा."

"खिडकी होती तिथंच आहे. चढला तो रस्ता. नोटीस त्याला द्या."

"रस्त्याला कशी देणार?"

"मग चढवणाऱ्याला द्या. आणि माझी सही हवी तर दारातून या. खिडकीतून कागद टाकायला तुम्ही काय पेपरवाले आहात?"

दार रस्त्याच्या पोटात गेलेलं. पायऱ्या उतरून, कपाळ आपटून साहेब आत पोचले. बाईंनी त्यांना खिडकीजवळच्या आपल्या खुर्चीत बसवलं आणि त्या चहा टाकायला गेल्या. मुद्दामच सावकाश.

तेवढ्यात बाहेर एक म्हातारा वाकला. नळाचा अर्ज कुठं द्यायचा, असं त्यानं विचारलं. साहेबांनी सांगितलं. म्हाताऱ्यानं हात जोडले. ऑफिसात साहेबांना इतक्या वर्षांत कुणी हात जोडले नव्हते, उगारले मात्र होते. त्यांनी पुढच्यालाही सांगितलं. चौथ्याला तर त्यांनी ढकलाढकलीबद्दल झापलंसुद्धा.

चहा आला तोच नाकासमोरून ट्रक गेला. साहेब धुळीनं माखले, खोकून खोकून लाल झाले.

"रस्ता एवढा वर नेला तरी कुठल्या गाढवानं?"

बाईंनी चहाचा कप त्यांच्यासमोर ठेवला. मग त्यांच्याकडे रोखून बघितलं. साहेबांचा खोकला आपोआप थांबला.

"बरं, सही कुठं करू?" बाईंनी विचारलं.

साहेबांनी नोटिशीची चौपदरी घडी घातली, ती धूळ पडू नये म्हणून चहाच्या कपावर नीट ठेवली, आणि खिडकीकडे तोंड करून म्हणाले,

"हं, पुढचा कोण?"