शरयूताईंचा हार

शरयूताई दुधाची पिशवी घेतात तीसुद्धा आधी उजेडात धरून, उलटीसुलटी करून. सदाशिव पेठेतल्या आमच्या इमारतीत त्या माझ्या समोरच्या दारात राहतात. कॉलेजच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत तीस वर्षं नोकरी झाली. बाटलीवरच्या चिठ्ठीवर विसंबायचं नाही, हा नियम तिथेच हाडात मुरला. रिक्षावाला, डॉक्टर, कार्यालयातली बासुंदी, सगळ्यांना वाक्य एकच : "विश्वास आहे हो, पण बघून घेते." आमच्या घरच्या तिळगुळालाही ते ऐकावं लागलं आहे.

गेल्या दिवाळीआधी एका प्रदर्शनात त्यांना मोनाली भेटली. मूळची अमरावतीची, राहते विश्रांतवाडीला, घरीच हातांनी चांदीचे दागिने घडवते. तिच्या एका हारात गोमेदाच्या खड्यांमधून जुन्या धाटणीच्या काचेचे हिरवट मणी ओवलेले होते. जांभळ्या उजेडाचा टॉर्च मारला की ते काजव्यासारखे उजळत. ताईंनी भाचीच्या लग्नासाठी तसाच हार करायला सांगितला, आणि घरी पोचेपर्यंत त्यांना संशय आला. दाखवलेली काच एक आणि घातलेली दुसरीच, असं झालं तर?

तेव्हापासून दर बुधवारी, माझ्या सुट्टीच्या दिवशी, मी त्यांना स्कूटरवरून विश्रांतवाडीला नेऊ लागलो. तिथे त्या मोनालीच्या समोर ठाण मांडून बसत. मग दोघी डोक्यावरून एकच चादर ओढून घेत आणि आतल्या अंधारात टॉर्च मारून एकेक मणी तपासत. मी बाहेर चहा पीत बसायचो. चादरीतून अधूनमधून हसू ऐकू यायचं. मण्यांत हसण्यासारखं काय आहे, ते मला कळत नसे.

हार झाला. घरी आणला आणि आठवड्यात एक कडी सैल निघाली. ती बसवून आणली, तर दुसरी. माघात भाचीचं लग्न लागलं, ताईंनी तिला पैठणी दिली. हार दुरुस्तीलाच होता. आता मलाही शंका यायला लागली. एकतर त्या मुलीचं काम कच्चं असावं, नाहीतर ताई तिला उगाच छळत असाव्यात.

परवाच्या बुधवारी ताई हात धुवायला आत गेल्या, तेव्हा मी मोनालीला विचारलंच.

"काम कच्चं नाही, काका," ती मान वर न करता म्हणाली. "काकू घरी स्वतःच कडी उघडतात. चिमट्याचे ओरखडे दिसतात ना मला."

मग बोलत का नाहीस, असं मी विचारलं.

"काय बोलू? माझे मिस्टर रात्री येतात. दिवसभर दुसरं कोण बोलते माझ्याशी?" जरा थांबून ती म्हणाली, "आणि काकूंच्या घरी तरी कोण आहे?"

अकरा वर्षं मी समोर राहतो. कामाशिवाय त्यांची बेल मी एकदाही वाजवलेली नाही.

परत येताना होळकर पुलाजवळ गाड्या तुंबल्या होत्या. मागे बसलेल्या ताई हळूच म्हणाल्या, की हार आता ठीक झालाय, पुन्हा न्यायचं तसं काही कारण उरलं नाही.

मी पुढेच बघत म्हटलं, "ताई, मधला मणी मला जरा तिरका वाटतो."

आरशात दिसलं, ताईंनी पिशवीतून हार काढून उजेडात धरला.

"वाटतो ना?" मग त्या म्हणाल्या. "बुधवारी दाखवून घेऊ."