नमिताची यादी आणि चोवीस कामगार

"झालं म्हणजे नक्की काय झालं?" नमिताने कमरेवर हात ठेवून विचारलं.

स्क्रीनवर हिरव्या अक्षरांत 'झालं!' असं ठळक लिहिलं होतं आणि प्रत्यक्षात काडीचंही झालेलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, दोह्यातल्या मराठी मंडळाचं स्नेहभोजन. चोवीस कुटुंबं येणार. बारा वर्षं हा कारभार एकहाती सांभाळणाऱ्या स्वप्नाताईंनी यंदा तो नमिताकडे सोपवताना "जमेल ना गं तुला?" असं अशा काही सुरात विचारलं होतं, की तिच्या अंगाचा तिळपापड झाला होता. कोणी काय करून आणायचं हे फोनवर तासाभरात ठरलं असतं. पण तिच्या नवऱ्याला, हमद पोर्टजवळच्या एका कंपनीत प्रोग्रॅम लिहिणाऱ्या देवव्रतला, त्यासाठी वेबसाइट करायची हुक्की आली.

"अगं, नाव भरलं की माणसाला लगेच 'झालं' म्हणून मोकळं करायचं. खरं काम मागे रांगेत लागतं. मग कामगार एकेक नाव उचलतो, यादीतला मोकळा पदार्थ बघतो आणि मेसेज पाठवतो."

"कसला कामगार?"

"प्रोग्रॅमच असतो गं तो."

"मग सोमवारपासून एकालाही मेसेज कसा गेला नाही?"

देवव्रतने लॅपटॉपमध्ये डोकं खुपसलं. "कामगार सुरू करायचा राहिला," तो पुटपुटला.

"अरे देवा! उद्या जेवण आहे! स्वप्नाताई चारचौघांत माझी शोभा करतील. यल्ला, उरक!"

घाबरलेल्या देवव्रतने एकाच्या जागी चोवीस कामगार एकदम जुंपले. मिनिटभरात सगळे मेसेज गेले. "खलास!" तो म्हणाला, आणि नमिताने त्यावर विश्वास ठेवला. चूक तिचीही होतीच.

शुक्रवारी इमारतीच्या हॉलमध्ये पहिली अंतरा आली. काकडीची कोशिंबीर. मग रामेश्वर आला. गाजराची कोशिंबीर. सातव्या डब्यात मुळ्याची निघाली तेव्हा नमिता ओरडलीच, "देवव्रत!"

त्याचा चेहरा पडला. "चोवीसही कामगारांनी एकाच क्षणी यादी बघितली गं. प्रत्येकाला पहिलाच पदार्थ, कोशिंबीर, मोकळा दिसला."

"आणि एकानेही शेजारच्याला विचारलं नाही? अरे, आमच्यात दोघी भेटल्या तरी आधी 'तू काय करतेयस गं?' म्हणून विचारतात! चोवीस कामगार, आणि अक्कल एकाला नाही!"

तेवढ्यात स्वप्नाताई आल्या. मागून दोघे जण भलंमोठं पातेलं उचलून आणत होते. ताईंनी टेबलावरचं एकेक झाकण उघडून पाहिलं. नमिताला वाटलं, संपलं सगळं.

"मलाही मेसेज आला. कोशिंबीर आणा म्हणून!" ताई कडाडल्या. "मला! बारा वर्षं मसालेभात खाऊ घातलाय मी या मंडळाला, आणि हे मेलं मला काकड्या चोचवायला सांगतंय? भीक घालत नाही मी असल्या मेसेजला!"

त्यांनी पातेल्यावरचं झाकण काढलं. वाफाळता मसालेभात, सगळ्यांना पुरेल एवढा. नमिताने त्यांना मिठीच मारली.

पंगती वाढून वाढून देवव्रत घामाघूम झाला. शेवटी रिकामं ताट घेऊन तो बायकोजवळ आला. "मला थोडा भात?"

"झालं!" नमिता गोड हसून म्हणाली आणि स्वप्नाताईंशेजारी जाऊन बसली.

दहा मिनिटांनी तो तिथेच उभा होता. "अगं, भात?"

"नोंद झालीय तुझी, रांगेत आहेस. तोवर कोशिंबीर घे, तेवीस घरची आहे."

पातेलं केव्हाच घासायला गेलं होतं.