राजेसाहेबांची सभ्य बंदूक

एका जंगलात, जिथे रस्ता अजून गेला नव्हता पण रस्त्याच्या उद्‌घाटनाची पाटी लागली होती, तपकीर नावाची एक भेकरी राहत होती. भेकर म्हणजे छोटं हरीण, मुलांनो. संकट दिसलं की ते कुत्र्यासारखं भुंकतं. तपकीर जरा जास्तच भुंकायची. पान पडलं तरी भुंकायची. तिला नुकतंच पाडस झालं होतं, म्हणून जंगल तिला सांभाळून घेत होतं.

पाडसाचं नाव ठिपका. तो दिसायला गोड होता आणि ऐकायला अजिबात नव्हता. तुमच्यापैकी कुणाची आठवण आली असेल, तर मी नाव घेतलेलं नाही.

शेजारच्या राज्यात शौर्यराव नावाचे राजे होते. त्यांना शिकारीचा नाद होता. त्यांच्याकडे नवीकोरी बंदूक होती, तिच्यावर दुर्बीण होती. राजेसाहेबांना फक्त शिंगं हवी असायची, दिवाणखान्याच्या भिंतीसाठी. ज्याच्यावर नेम धरला, तोच पडायचा. शेजारी चरणाऱ्याची शेपटीसुद्धा हलत नसे.

हे वाईटच होतं. पण त्या वाईटात एक शिस्त होती, आणि तपकिरीने त्या शिस्तीवर आपला संसार मांडला होता. मोठी शिंगं दिसली की ती ठिपक्याला घेऊन पलीकडच्या टेकडीवर जायची. संपलं.

मग एक दिवस राजेसाहेबांच्या मनाला टोचणी लागली. दवंडी पिटली गेली.

“ऐका हो ऐका! नव्या बंदुकीने शिकार करणं हा भ्याडपणा आहे, असं महाराजांचं मत झालं आहे हो! आजपासून महाराज पणजोबांची ठासणीची बंदूक वापरणार आहेत हो! प्राण्यांनाही संधी मिळाली पाहिजे हो!”

जंगलात आनंदीआनंद झाला. ऐनाच्या झाडाखाली सभा भरली. अध्यक्ष होते शृंगपंत. हे एक वयस्कर सांबर. त्यांची शिंगं एवढी मोठी होती, की बोलताना मान हलवली तर पहिल्या रांगेला मागे सरकावं लागे.

“मित्रहो,” शृंगपंत म्हणाले, “आपल्याला आता सहसा कोणी मारणार नाही. आणि मारलंच, तर आदराने मारील.”

टाळ्या पडल्या. ज्यांना खुर होते त्यांनी खुर आपटले.

“पंत, एक विचारू का?” तपकीर मागून म्हणाली. “जरा मूर्खासारखं वाटेल.”

“विचार ना, पोरी. तुझं नेहमी तसंच असतं.”

“जुन्या बंदुकीचा नेम लागत नाही ना?”

“क्वचितच लागतो. तेच तर तिचं सौंदर्य!”

“मग न लागलेली गोळी जाते कुठे?”

काटेकाकू फस्सकन हसल्या. काटेकाकू म्हणजे साळिंदर. पाठभर काटे, आणि जिभेवर त्याहून थोडे जास्त.

“अगं बाई, जाते आपल्या घरी! बाळंतपणानंतर असं होतं हो. मलासुद्धा पहिल्या वेळी जिकडेतिकडे कोल्हे दिसायचे.”

“नव्हते का कोल्हे?”

“होते की. पण म्हणून काय सारखं बघत बसायचं?”

सगळे हसले. तपकीरही हसली. आपलंच काहीतरी चुकत असणार, असं तिला वाटलं. आई झाल्यापासून तिला हे दिवसातून पुष्कळदा वाटायचं.

पहिल्या शिकारीला राजेसाहेब पायी आले. मचाण नाही, दुर्बीण नाही. शृंगपंत माळावर मधोमध उभे राहिले, बाजू दाखवून. संधी मिळते आहे म्हटल्यावर पळून जाणं त्यांना असभ्य वाटलं.

राजेसाहेबांनी नळीत दारू ओतली. ती बंदुकीची दारू, मुलांनो, हसायचं नाही. मग चिंधी कोंबली. मग गोळी. मग गजाने ठास ठास ठासलं. मग घाम पुसला. मग आठवलं, की दारू ओतली की नाही हे आठवत नाही, म्हणून आणखी थोडी ओतली.

“थांबलाय ना, पंत?”

“आरामात होऊ द्या, महाराज. आम्हाला कुठे जायचंय?”

धडाम! एवढा धूर झाला, की कोण शिकारी आणि कोण शिकार हे थोडा वेळ कुणालाच कळेना. धूर विरला. शृंगपंत जागच्या जागी होते. मधमाश्यांचं पोळं मात्र फुटलं होतं, आणि माश्या आपल्याला कोणती संधी मिळाली याची चौकशी करत फिरत होत्या.

“चुकलो!” राजेसाहेब आनंदाने ओरडले. “काय थरार आहे हो!”

दुसऱ्या वेळी एका सशाच्या कानाचं टोक गेलं. तिसऱ्या वेळी काटेकाकूंची पाठ साफ झाली, अगदी मुळा सोलावा तशी. राजेसाहेब स्वतः त्यांच्या बिळापाशी गेले.

“काकू, माफ करा. माझा हेतू तुमच्यावर नव्हता.”

काकू विरघळल्या. सगळीकडे सांगत सुटल्या, “स्वतः आले हो भेटायला! नव्या बंदुकीच्या वेळी कधी कुणाशी एक शब्द तरी बोलले होते का? हल्ली इतकी खानदानी माणसं राहिली नाहीत.”

“काकू, पाठीला थंडी नाही वाजत?” तपकिरीने विचारलं.

“वाजते की. पण हेतू बघावा गं माणसाचा.”

चौथी गोळी पलीकडच्या टेकडीवर आली. ठिपका जिथे दुपारचा झोपायचा, त्या करवंदीच्या जाळीतून ती आरपार गेली. ठिपका नेमका पाणी प्यायला उठला होता. मी त्याला किती वेळा सांगत होते, झोपताना पाणी मागू नकोस... तपकीर सांगत होती, मी नव्हे.

तपकीर त्या भोकाकडे बघत उभी राहिली. भुंकायचंसुद्धा तिला सुचलं नाही. ती ठिपक्याला पोटाशी घेऊन रवंथ करत विचार करू लागली. गोळी पोळ्याला लागते. सशाला लागते. ज्याच्यावर हेतू नाही अशा सगळ्यांना लागते. टेकडी लांब आहे म्हणून तिला काही सोडत नाही. मग लागत कुणाला नाही?

दुसऱ्या दिवशी शिकारीची वेळ झाली. आता तिची जत्राच भरायची. दरबारी यायचे, कवी यायचे, भजीवाला यायचा. त्या दिवशी तर खुद्द राजमाता आईसाहेब आल्या होत्या. त्या लांब वडाच्या सावलीत, मांडीवर पानाचा डबा घेऊन बसल्या होत्या.

शृंगपंत माळावर उभे राहिले. आणि तपकीर ठिपक्याला ढकलत ढकलत आली, ती थेट पंतांच्या पुढच्या पायांत येऊन उभी राहिली. बंदुकीच्या अगदी समोर.

“अगं, हे काय?” पंत दात आवळून पुटपुटले. “हा माझा मान आहे.”

“मान तुम्हालाच असू द्या, पंत. आम्हाला फक्त जागा हवी.”

“पोराला बंदुकीपुढे आणतेस? आई आहेस की कोण?”

“म्हणूनच आणलंय.”

राजेसाहेबांनी बार भरून बंदूक उचलली आणि त्यांना ठिपका दिसला. ठिपक्याने त्यांना जीभ दाखवली.

“छे छे!” राजेसाहेबांनी बंदूक खाली केली. “लेकरू मध्ये आलं. मी लेकरावर नेम धरणार नाही.”

दरबारी म्हणाले, “वा!” कवी म्हणाला, “वा वा!” काटेकाकूंच्या डोळ्यांत पाणी आलं.

“पण बार तर भरलाय,” राजेसाहेब म्हणाले. “या जुन्या बंदुकीचं असं आहे, भरलेला बार काढावाच लागतो. थांबा. मी तो डावीकडच्या रिकाम्या झुडपावर काढतो. म्हणजे कुणालाच इजा नको.”

आणि त्यांनी मोठ्या मायेने नळी डावीकडे वळवली.

तपकिरीने झटकन हिशेब केला. नेम सांबरावर असतो, तेव्हा गोळी सांबर सोडून कुठेही जाते. नेम झुडपावर असला, तर झुडूप सोडून कुठेही जाणार. आणि त्या ‘कुठेही’मध्ये आता ठिपका येत होता!

“महाराज!” ती जीव खाऊन भुंकली. “तिकडे नको! आमच्यावरच धरा!”

“काय म्हणतेस, बाई?”

“बाळावर धरा! कपाळाच्या मधोमध! अगदी नीट, हात न हलवता!”

भजीवाल्याचा झारा कढईतच थांबला.

“धन्य ती माता!” राजेसाहेब गहिवरले. “शिकाऱ्याचा बार वाया जाऊ नये म्हणून पोटचा गोळा पुढे करते!”

“तसं नाही हो...”

“बोलू नकोस, माते. मला सहन होत नाही.”

“मग धरा ना लवकर!”

राजेसाहेबांना रडू आवरेना. पण आईचा शब्द मोडायचा कसा? त्यांनी ठिपक्याच्या कपाळावर नेम धरला. तपकिरीने डोळे मिटले. आता एवढा हिशेब करून इथपर्यंत आल्यावर तिच्या मनात आलं, की आज नेमका लागला तर? पण तो विचार पूर्ण व्हायच्या आत धडाम झालं.

धूर. नुसता धूर.

धुरात कुणीतरी शिंकलं. बारीक, नाजूक शिंक. तपकिरीने आयुष्यात इतकं सुरेल काही ऐकलं नव्हतं. तिने लगेच ठिपक्याचं नाक चाटलं आणि लगेच त्याला रागावली, “सर्दी झाली ना? सांगत होते, ओल्यात बसू नकोस!”

गोळी पंतांच्या मागे गेली होती. मागे म्हणजे वडाकडे. पानाचा डबा हवेत उडाला होता, सुपारी फुटायची शिल्लक राहिली नव्हती, आणि चुना उडून आईसाहेबांच्या भुवया पांढऱ्या झाल्या होत्या.

आईसाहेब उठल्या. माळ ओलांडून आल्या. सगळ्या दरबारादेखत त्यांनी राजेसाहेबांचा कान धरला.

“आईसाहेब, आई गं, माझा हेतू...”

“तुझा हेतू माझ्या डब्यात येऊन बसलाय. आण ती बंदूक इकडे.”

“पण ही पणजोबांची आठवण आहे!”

“मेल्या, पणजोबा कशाने गेले ठाऊक आहे का तुला?”

“वीरगतीने, ना?”

“याच बंदुकीने. त्यांच्या मेव्हण्याने चितळावर नेम धरला होता. चितळ म्हातारं होऊन मेलं.”

बंदूक वाड्यावरच्या मुदपाकखान्यात गेली. आचाऱ्याने नळी सोडवून तिची फुंकणी केली. म्हणतात, की चूल इतकी छान पेटते, की बंदुकीचा नेम जणू पहिल्यांदाच अचूक लागतो आहे.

इकडे जंगलाने तपकिरीचा सत्कार केला. शृंगपंतांनी तिला ‘त्यागमूर्ती’ म्हटलं. ती म्हणाली, “अहो, मी त्याग नाही केला, मी फक्त सुरक्षित जागा बघितली.” तर पंत सभेला म्हणाले, “बघा, किती नम्र!” काटेकाकूंनी नव्या आयांना सांगितलं, की पोरांना काही होत नाही गं, या तपकिरीकडून शिका जरा, किती बेफिकीर आहे. हे ऐकून तपकिरीला रात्रभर झोप लागली नाही.

शिकार थांबली का, असं तुम्ही विचाराल. नाही थांबली. राजेसाहेबांच्या लक्षात आलं, की मुळात बंदूक हीच अन्यायाची आहे, ती जुनी असो की नवी. मग त्यांनी धनुष्यबाण घेतला. पुढे डोळ्यांनी बघून मारणंही त्यांना फार सोपं वाटू लागलं. आता ते डोळ्यांवर पट्टी बांधून, नुसत्या आवाजाच्या दिशेने बाण सोडतात.

जंगल पुन्हा खूश आहे. सगळे शिकारीच्या वेळी श्वास रोखून, चिडीचूप बसतात, आणि अधूनमधून कुणीतरी कण्हतं.

तपकीर मात्र ठिपक्याला जवळ घेते आणि त्याच्या कानात सांगते, “रड, माझ्या राजा. जेवढ्या मोठ्याने रडता येईल, तेवढ्या मोठ्याने रड.”

तात्पर्य: वाईट माणसाने नेम धरला, तर दूर पळावे. चांगल्या माणसाने नेम धरला, तर त्याच्या अगदी समोर उभे राहावे. पण चांगल्या माणसाला दया आली, तर मात्र क्षणाचाही विलंब न लावता जमिनीवर आडवे पडावे.

(हे शाळेत सांगू नका. बाईंनी विचारलंच, तर आईने ‘दया हाच खरा धर्म’ एवढंच सांगितलं, असं म्हणा.)