घरभर फिरणारी टुईं-टुईं

माझे कान काय चीज होते, हे आजच्या लोकांना सांगून खरं वाटायचं नाही! एकतीस वर्षं मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होते. समोर भोकाभोकांचा बोर्ड, हातात वायरी आणि डोक्याला हेडफोन. तारेत नुसती खरखर झाली, तरी मी सांगत असे की पाणी शिरलंय की उंदरानं कुरतडलंय. पलीकडच्या साहेबानं 'हॅलो' म्हटलं, की तो घरून भांडून आलाय का, तेही मला कळायचं!

म्हणूनच हल्लीच्या वस्तूंचा मला मनापासून राग येतो. आमच्या वेळी वस्तू गप्प बसायच्या. आता फ्रिजचं दार जरा उघडं राहिलं, की तो बोंब ठोकतो. कपडे धुऊन झाले, की मशीन गाणं म्हणतं, जणू केवढा पराक्रम केला! मी पन्नास वर्षं कपडे धुतले, एकदाही गायले नाही. वजनकाटासुद्धा पाय ठेवला की किंचाळतो. त्याचं एक वेळ मी समजू शकते.

तर, अशा माझ्या कानांना वयानं दगा दिला. गेल्या महिन्यात लेक आली आणि चाळीस मिनिटं दाराबाहेर उभी राहिली. घंटी दाबून दाबून तिचं बोट सुजलं. आत मी आणि आमचे हे, दोघंही टक्क जागे!

"आता पुरे," लेक म्हणाली. "तुम्ही दोघं माझ्याकडे राहायला चला."

लेकीचं घर छान आहे, जावई सोन्यासारखा आहे. पण इथे अंधारात हात घातला तरी मला चहाचा डबा सापडतो. तिथे उजेडातही विचारावं लागतं. शेवटी तह झाला. मी उजव्या कानात ऐकायचं चिमुकलं यंत्र घालायचं. (डावा कान हेडफोननं केव्हाच खाल्लाय.) मग पंधराव्या दिवशी, रविवारी दुपारी चारला, लेक येऊन घंटी वाजवणार. पहिल्या घंटीला दार उघडलं तर आम्ही इथेच. नाही तर सामान बांधायचं!

"आणि बाबा, तुमचं काय?" लेकीनं विचारलं.

"नाही, आज जेवण हलकंच घेतलंय," हे म्हणाले. मग तिचा चेहरा बघून गरजले, "माझे कान ठणठणीत आहेत! तुम्हीच लोक पुटपुटता!"

यंत्राबरोबर एक माहितीपत्रक होतं. एकतीस वर्षं यंत्रांत काढलेल्या बाईला कसली माहिती देताय! मी त्याची घडी घालून जेवणाच्या डुगडुगत्या टेबलाच्या पायाखाली सरकवली. अगदी मापात बसली.

पुढचे चौदा दिवस काय सुखाचे गेले म्हणून सांगू! चिमण्या ऐकल्या. शेजारच्यांची भांडणं ऐकली, तीही पहिल्यापासून शेवटपर्यंत. हे झोपेत काय बोलतात, तेही ऐकलं. विशेष काही नव्हतं.

आणि रविवारी सकाळी भाजी चिरताना आवाज आला, टुईं-टुईं!

मी फ्रिजकडे बघितलं. दार बंद होतं. पाच मिनिटांनी पुन्हा, टुईं-टुईं! मी बाहेरच्या खोलीत गेले, तर आवाज बाहेरच्या खोलीत. न्हाणीघरात गेले, तर न्हाणीघरात!

"अहो, हा आवाज माझ्या मागे मागे फिरतोय!" मी ह्यांच्या अगदी तोंडाशी जाऊन ओरडले.

"फिरू दे," हे पेपरातून डोकं न काढता म्हणाले. "कॉलेजात असताना कोणी फिरलं नाही, आता तरी फिरू दे."

"थट्टा पुरे! तुम्हांला येतोय का नाही आवाज?"

ह्यांनी पेपर खाली ठेवला. 'नाही' म्हटलं असतं, तर त्यांच्याही कानात यंत्र गेलं असतं. "येतोय की! मघापासून येतोय. डोकं उठलंय नुसतं!"

झालं! दोघांनी ऐकला म्हणजे आवाज पक्का. आणि घरात असं काही केकाटत असताना मला चार वाजता घंटी कशी ऐकू येणार? मी मोहीमच उघडली. गजराचं घड्याळ, वजनकाटा, ओव्हनचा टायमर, नातवाचं बोलणारं बदक आणि आमचे दोघांचे मोबाईल, सगळे संशयित बादलीत भरून बाल्कनीत हद्दपार केले. काचेचं दार लावून घेतलं.

टुईं-टुईं!

म्हणजे वरच्या मजल्यावरून असणार. वर गाण्याच्या बाई राहतात. त्यांना खाली बोलावलं. बाई डोळे मिटून उभ्या राहिल्या.

"आला! आत्ता आला! ऐकलात?" मी विचारलं.

बाईंनी एक डोळा उघडून माझ्याकडे पाहिलं. "हो तर," त्या हळूच म्हणाल्या. "सूर जरा चढा आहे, पण पक्का आहे."

आता सुरांतल्या माणसानंच शिक्का मारला! मी वायरमनला बोलावून घेतलं. तो प्रत्येक बोर्डाला कान लावून आला.

"आजी, मला तर काहीच येत नाही ऐकू."

"किती वर्षं झाली तुम्हांला या कामात?"

"सहा."

"मी एकतीस वर्षं एक्स्चेंजमध्ये होते!"

त्यानं पुन्हा कान लावला. "हां... आहे बहुतेक. बारीक आहे पण."

"फ्रिजच असणार. मला पहिल्यापासून संशय होता. ओढा त्याला!"

हे एका बाजूनं, वायरमन दुसऱ्या बाजूनं, असा फ्रिज भिंतीपासून ओढला. मागे ह्यांचा तीन वर्षांपूर्वी हरवलेला चष्मा निघाला. तो हरवल्याचा आळ तेव्हा माझ्यावर होता, हे मी लगेच सर्वांच्या लक्षात आणून दिलं. वायरमननं फ्रिजचा प्लग काढला आणि काय सांगू! आवाज बंद! पाच मिनिटं गेली, दहा गेली, पंधरा गेली. टुईं नाही की काही नाही!

"बघा!" मी म्हटलं. "म्हटलं नव्हतं मी?"

वायरमन दारात उभा राहून काहीतरी बोलला. ओठ तेवढे हलले. म्हटलं, दमला असेल बिचारा, हळू बोलतोय. चांगलंच काहीतरी म्हणत असणार.

"तुम्हांलाही!" मी म्हणाले. तो जरा विचित्र नजरेनं बघत गेला.

मग मी चहा केला. चार वाजायला आले होते. आम्ही दोघं टेबलाशी बसलो. घरात इतकी शांतता की विचारू नका! गेल्या चौदा दिवसांत अशी शांतता ऐकली नव्हती. म्हटलं, ये बाई लेकी, वाजव आता घंटी! मी तय्यार आहे!

चार वाजले. सव्वाचार झाले. साडेचार.

"उशीर झाला वाटतं तिला," मी म्हटलं.

हे मान डोलावून म्हणाले असावेत काहीतरी. मी दुसरा कप ओतला आणि वर बघितलं, तर समोर लेक उभी! तिच्या मागे गाण्याच्या बाई, गेल्या महिन्यापासून त्यांच्याकडे ठेवलेली आमची जादाची किल्ली हातात घेऊन.

"अगं! घंटी का नाही वाजवलीस?"

लेकीनं सुजलेलं बोट दाखवलं. मग बाल्कनीतल्या बादलीकडे. मग स्वयंपाकघरातून वाहत येणाऱ्या फ्रिजच्या पाण्याकडे. वायरमन बिचारा 'आजी, प्लग लावायला विसरू नका' एवढंच सांगत होता!

तिनं माझ्या कानातलं यंत्र काढलं, त्यातली बटणाएवढी बॅटरी बदलली आणि परत बसवलं. जग एकदम भस्सकन सुरू झालं. बाल्कनीतलं बदक ओरडत होतं.

"आई, बॅटरी संपत आली की ते टुईं-टुईं वाजतं. तुझ्या कानात! दुसऱ्या कोणाला ऐकूच येत नाही ते! माहितीपत्रकात पहिल्याच पानावर आहे. वाचलंस ना?"

मी टेबलाच्या पायाकडे बघितलं नाही. गाण्याच्या बाई मात्र छताकडे बघू लागल्या.

"मला वाटलं, वय झालंय, कशाला नाही म्हणायचं," त्या पुटपुटल्या. तेही मला अगदी स्वच्छ ऐकू आलं!

लेक ह्यांच्याकडे वळली आणि मोठ्यानं म्हणाली, "आणि बाबा, तुम्ही? तुम्हांलाही येत होता म्हणे तो आवाज?"

"येत होता म्हणजे?" हे छाती काढून म्हणाले. "अजून येतोय!"

लेक जी हसत सुटली, ती हसता हसता खुर्चीतच कोसळली. सामान बांधायचं राहिलं. आणखी पंधरा दिवसांची मुदत मिळाली, पण या वेळी यंत्र दोघांच्याही कानात. हे दोन दिवस रुसले. तिसऱ्या दिवशी चिमण्या ऐकून म्हणाले, "ह्या केव्हा आल्या?"

पुढच्या खेपेला पहिल्या घंटीला आम्ही दोघं एकदमच दाराकडे धावलो आणि एकमेकांवर आपटलो. पण दार उघडलं. इथेच आहोत.

माहितीपत्रक मी चष्मा लावून पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचलंय. टेबल मात्र पुन्हा डुगडुगायला लागलंय!